मोठ्या अक्षरांचं मराठी पवित्र शास्त्र (बायबल): नोकरी करणाऱ्यांना परवडतं का?

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. अक्षर उत्तम, बांधणी चांगली, कागद ठीक, झिप भिकार. पाचपैकी चार तारे. सकाळी वीस मिनिटांच्या वर हाताला लागत नाहीत आणि तरी वाचन सोडायचं नाही, असं ज्यांचं असेल त्यांनी डोळे झाकून घ्यावं. घेताना झाकून, वाचताना उघडून.

मी वडोदऱ्याला मांजलपुरात राहते. एका हार्डवेअरच्या घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेब बघते. माहेर नगरचं, लग्न होऊन इथं आले. आमची मंडळी, म्हणजे चर्च, गुजराती उपासनेची, गाणी गुजराती, संदेश म्हणजे प्रवचन गुजराती, आणि दिवसभर ऑफिसात बिलं-चलनंही गुजरातीत. घरात मात्र सासूबाईंमुळे प्रार्थना मराठीतच होते. लग्नात आहेर म्हणून मिळालेलं पवित्र शास्त्र इतकी वर्षं चाललं, पण त्याचं अक्षर मुंगीएवढं. चाळिशी लागल्यावर चष्मा लावूनही ते दिव्याखाली धरावं लागायचं, आणि सकाळी साडेपाचला दिव्याखाली बसायला मी रिकामी नसते. ओट्यापाशी उभी असते.

वडोदऱ्यात चर्चच्या पुस्तकांच्या टेबलावर गुजराती आणि हिंदी प्रती ढिगानं असतात. मराठी सांगून मागवावी लागते, आणि मोठ्या अक्षरांची तर बहुतेक वेळा "आवशे, आवशे" म्हणून महिने जातात. शेवटी भाऊ नगरहून येताना घेऊन आला. साडेसातशेच्या आसपास पडली. पहिल्या प्रतीत एक अख्खा फर्माच, म्हणजे पानांचा गठ्ठा, उलटा बांधलेला निघाला. यहेज्केल वाचता वाचता पुस्तक डोक्यावर उभं करायची वेळ आली. विक्रेत्यानं कुरकुर न करता बदलून दिलं, पण त्यात भावाची एक फेरी गेली. म्हणून घेतानाच पानांचे आकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत फरफर चाळून बघा. दुकानदार बघत राहिला तर बघू दे.

आता अक्षर. काना-मात्रा सुटसुटीत आहेत, जोडाक्षरात शाई भरलेली नाही. ‘द्ध’ आणि ‘द्व’ यातला फरक चष्म्याशिवाय दिसतो. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांनी परीक्षा म्हणून पहिल्या इतिहासाचं पुस्तक उघडलं. त्याचे पहिले नऊ अध्याय म्हणजे जवळजवळ नावंच नावं, एकाहून एक अवघड. त्या अडखळल्या त्या उच्चाराला, अक्षराला नाही. पास. येशूची वचनं लाल शाईत छापली आहेत, ते मला फारसं रुचलं नाही. दिवसा छान दिसतं, पण ट्यूबलाइटखाली तो लाल फिका पडतो, आणि नेमकं जे वाचायचं तेच पुसट लागतं. कागद पातळ आहे, मागच्या पानाची सावली दिसते. पण एवढ्या मजकुराला जाड कागद घातला तर पुस्तक उचलायला हमाल लागेल.

सगळ्यात मोठा गुण बांधणीचा. शिवलेली आहे, नुसती गोंदानं चिकटवलेली नाही. त्यामुळे उघडून ओट्यावर ठेवलं की उघडंच राहतं, पान मिटत नाही, वर वाटी ठेवावी लागत नाही. एका हातानं पोळी उलटायची आणि नजर पानावर. ज्यांच्या घरी वेगळी प्रार्थनेची खोली आहे त्यांना हा मुद्दा किरकोळ वाटेल. माझं निम्मं वाचन याच गुणावर चालतं.

वाचनाचा हिशेबही देते, कारण नवीन प्रत घेणारे बरेच जण उत्पत्तीपासून जोमात सुरू करतात आणि लेवीयात येऊन थांबतात. एकूण अध्याय ११८९. रोज तीन आणि रविवारी पाच धरले तर वर्षात पूर्ण होतात, हे गणित मंडळीत सगळ्यांना पाठ असतं. पाळणारे थोडे, कारण एक दिवस चुकला की तीन अध्यायांची उधारी, आठवडा चुकला की एकवीसच्या वर. जीएसटीची लेट फी वाढते तशी ती डोक्यावर वाढत जाते, आणि मग माणूस पुस्तकाकडे बघायचंच टाळतो. नोकरी करणाऱ्यांना माझं सांगणं असं की नव्या करारापासून, म्हणजे येशूपासून पुढच्या भागापासून, धरा. नव्या कराराचे अध्याय २६०. सोमवार ते शुक्रवार रोज एक, म्हणजे आठवड्याला पाच, बावन्न आठवड्यांत बरोब्बर २६०. शनिवार राहिलेलं भरून काढायला, रविवार उपासनेला. उधारी झालीच तर चुकवता येण्याएवढीच होते. जुना करार त्याच्या जोडीला हळूहळू, मुदत न घालता.

मुदत न घालता वाचताना एका दिवाळीनंतर मी ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायाशी पोचले. त्याबद्दल सांगायचं तर आधी चोपडापूजनाचं सांगायला हवं.

गुजरातेत व्यापाऱ्याकडे नोकरी म्हणजे दिवाळीला चोपडापूजन, हिशेबाच्या वह्यांची पूजा, आलंच. आमचा सगळा हिशेब टॅली सॉफ्टवेअरमध्ये, तरी पूजेसाठी एक लाल कापडी बांधणीची वही दर वर्षी येते. पहिल्या पानावर ‘श्री’ची उतरंड काढतात, वर एक, खाली दोन, मग तीन, अशी. लॅपटॉपलाही कुंकू लागतं. माझं अक्षर चांगलं म्हणून ती उतरंड काढायचं काम शेठनी माझ्याकडे दिलं. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, उलट मान म्हणून दिलं होतं. हीच तर पंचाईत. कुणी दटावून सांगितलं तर नाही म्हणणं सोपं असतं. प्रेमानं पेन हातात दिल्यावर काय करायचं? मी म्हटलं, "शेठ, आ माराथी नहि थाय. बीजुं बधुं करी आपीश." ते दोन क्षण बघत राहिले, मग वही त्यांच्या वडिलांपुढे सरकवली. दादांचा हात थरथरतो. उतरंड तिरकी झाली. मी वह्या आणल्या, पेनं आणली, खुर्च्या मांडल्या, आणि पूजेच्या वेळी दाराशी उभी राहिले. ऑफिसातल्या एकीनं नंतर विचारलं की एवढं काय त्यात, चार अक्षरं तर होती. तिला देण्याजोगं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आणि घरी आल्यावर दाराशी उभं राहणं तरी बरोबर होतं का, हा घोर लागला तो वेगळाच.

आता तो पाचवा अध्याय. नामान अरामाच्या राजाचा सेनापती, कोड बरं होऊन निघालाय. इस्राएलाच्या देवाशिवाय दुसऱ्याची उपासना करणार नाही असं त्यानं ठरवलंय. निघता निघता तो अलीशा संदेष्ट्यापुढे आपली नोकरीची अडचण मांडतो: माझा धनी रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हाताचा आधार घेतो, तो वाकला की मलाही वाकावं लागतं, एवढ्यापुरती मला क्षमा व्हावी. अलीशा यावर लांबलचक समजूत घालत नाही. चालेल म्हणत नाही, चालणार नाही असंही म्हणत नाही. शांतीने जा, एवढंच म्हणतो. शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या वर्गात, नामानाची गोष्ट आम्हाला यार्देनेतल्या सात बुचकळ्यांपर्यंतच सांगत. पुढचं हे नोकरीचं वचन कुणी शिकवल्याचं मला आठवत नाही.

इथं या प्रतीच्या समासातले संदर्भ कामाला आले. ‘शांतीने जा’पाशी बारीक अक्षरात दुसरे संदर्भ दिलेत. (संदर्भांचं अक्षर मात्र खरंच बारीक, मोठ्या अक्षरांची प्रत म्हणून विकताना याचा विचार व्हायला हवा होता.) त्यांचा माग धरला की पहिल्या शमुवेलाच्या पहिल्या अध्यायात हन्नाजवळ पोचता. मूल नाही म्हणून सवतीचे टोमणे खाऊन ती मंदिरात रडतेय, आणि एली याजक तिला हेच म्हणतो. तिथून लूकच्या आठव्या अध्यायात, बारा वर्षं रक्तस्रावानं पिडलेल्या बाईजवळ. तिलाही येशू हेच म्हणतो. एक घरच्या जाचाची, एक दुखण्याची, एक नोकरीच्या पेचाची. हा प्रवास पोळ्या होईपर्यंत झाला.

पुढच्या दिवाळीला शेठनी मला वही दिलीच नाही, थेट दादांकडे गेली. शेठाणी माझी काजूकतलीची पेटी पूजेआधीच बाजूला काढून ठेवतात, माझं नाव लिहून. हे मी कधी मागितलं नव्हतं. मूर्तीपुढे ठेवलेलं खावं की नाही यावर आमच्याच घरात एकमत नाही. पहिल्या करिंथकरांचा आठवा आणि दहावा अध्याय घेऊन नवरा एक सांगतो, पाळकसाहेब दुसरं. शेठाणींनी तो वाद आमच्यापुरता मिटवलाय.

मार्चचं प्रकरण इतकं गोड नाही. मार्च एंडिंगला आमच्याकडे रात्री नऊ वाजतात. अशाच एका रात्री फर्माइश आली, "बेन, आ बिल जरा पाछली तारीखमां नाखी दो ने." कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहील अशी व्यवस्था सक्तीची झाली आहे. आमची पेढी कंपनी नाही, त्यामुळे ती कायद्याची आडही मला घेता येईना. बिलावर मागची तारीख टाकणं माझ्या हातून होणार नाही, म्हटलं. कुणी रागावलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुलानं पाच मिनिटांत एंट्री टाकली, आणि त्या वर्षी त्याचा पगार माझ्यापेक्षा जास्त वाढला. बिल पडायचं ते पडलंच. संदेशांत ऐकतो त्या साक्षींमध्ये, म्हणजे लोकांच्या अनुभवांमध्ये, अशा जागी धनी विरघळतो, बढती मिळते. इथं तसलं काही झालं नाही.

त्या दिवसांत मी लूकचा सोळावा अध्याय मुद्दाम उघडला, कारण तो आमच्या धंद्याचा आहे. धन्याचा कारभारी नोकरी जाणार कळल्यावर ऋणकऱ्यांना बोलावून बिलं बदलतो. तेलाची शंभर मापं होती तिथं पन्नास लिहायला लावतो, गव्हाची शंभर होती तिथं ऐंशी. आणि धनी त्याचीच हुशारी वाखाणतो! हिशेबनीस माणसानं हे वाचून करायचं काय? नवऱ्याकडे टीपांसहित जाड आवृत्ती आहे. तिच्यातली टीप म्हणते की कारभाऱ्यानं बहुधा स्वतःची दलाली सोडली असावी. तेलावर निम्मी दलाली? असली नोकरी कुठं असेल तर मला कळवा. या मोठ्या अक्षरांच्या प्रतीत टीपा अजिबात नाहीत, आणि माझ्या मते तो तिचा गुण आहे. टीप असली की अडचण तिथंच आटोपल्यासारखी वाटते. टीप नसली की ती अडचण डब्याबरोबर ऑफिसात येते. दहाव्या वचनात, थोडक्यात जो विश्वासू तो पुष्कळातही विश्वासू, असं पुढे येतं खरं. पण मधल्या त्या शाबासकीचं काय, ते मला अजून बसवता आलेलं नाही, आणि ते न बसवताच मी दर वर्षी तो अध्याय वाचते.

टीपा नसल्या तरी शेवटी नाणी, वजनं आणि मापांचा तक्ता आहे. बहुतेक लोक तो उघडत नाहीत. माझा तो आवडता भाग. त्या मुलाच्या पगारवाढीवरून माझ्या पोटात जे जळत होतं, त्यासाठी मत्तय अठराव्यातला क्षमेचा दाखला मी कॅल्क्युलेटर घेऊन वाचला. एका चाकराला दहा हजार तलांत माफ होतात आणि तो बाहेर पडून शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. एक तलांत म्हणजे सहा हजार दिनार, म्हणजे माफी सहा कोटी दिनारांची. शंभराच्या सहा लाख पट. हे प्रमाण संदेशात ऐकलेलं असतं. पण तक्ता पुढे ठेवून शंभर दिनारांकडे बघा. एक दिनार ही एका दिवसाची मजुरी, ते मत्तयच्याच विसाव्या अध्यायात आहे. शंभर दिनार म्हणजे तीन महिन्यांच्या वरचा पगार. ही रक्कम लहान नाही. माझे तीन महिन्यांचे पैसे कुणी बुडवले तर मी गल्ली डोक्यावर घेईन. दुसऱ्यानं आपलं केलेलं नुकसान किरकोळ आहे, विसरून जा, असं दाखल्यात कुठंच म्हटलेलं नाही. नुकसान खरं धरूनच सोडायला सांगितलंय. त्या मुलाला मी आता टॅलीतली अडलेली कामं शिकवते. आवडीनं शिकवते असं म्हणणार नाही.

रविवारचं थोडक्यात. मुलगा बारावी सायन्सला, क्लासची टेस्ट रविवारी सकाळी नऊला, उपासनाही नऊलाच. नवरा इब्रीकरांचा दहावा अध्याय काढून दाखवतो की एकत्र मिळणं सोडू नये, मुलगा फीची पावती काढून दाखवतो. सध्या तो शनिवारी संध्याकाळी तरुणांच्या सभेला जातो आणि रविवारी आमच्याबरोबर नसतो. परीक्षेपर्यंत असंच चालेल असं म्हणतो आम्ही. त्याला ही प्रत नकोय, तो फोनवर वाचतो.

फोनचा विषय निघालाच आहे तर, ॲप फुकट असताना साडेसातशे का घालवायचे, हे मलाही विचारलं गेलं. ॲप मीही वापरते. वचन शोधायला त्याच्यासारखं काही नाही, आणि स्कूटरवरून जाताना कानात घालून ऐकताही येतं (पोलिसदादा वाचत असतील तर, सिग्नलला उभी असतानाच ऐकते). पण सकाळी फोन हातात घेतला की आधी ऑफिसच्या ग्रुपवरचे सतरा निरोप दिसतात, पोर्टलचा ओटीपी कुणीतरी मागितलेला असतो, आणि याकोबाचं पत्र उघडण्याआधीच मी रिटर्न भरायला लागलेली असते. या पुस्तकावर निरोप येत नाहीत. एवढ्याच कारणासाठी साडेसातशे द्यायला मी तयार आहे.

भाषेबद्दल तरुण मंडळी तक्रार करतील. वळण जुनं आहे, वाक्यं लांब आहेत, ‘तेव्हा’ आणि ‘मग’ फार. मला चालतं, कारण कानावर तेच पडत आलंय. सासूबाई पंडिता रमाबाईंच्या भाषांतराचं कौतुक सांगतात. ते वेगळं, ही प्रत ती नव्हे. रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. कान जवळजवळ गेलेले, १९२१ साली एकुलती मुलगी मनोरमा वारली, तरी काम सोडलं नाही, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. मी मार्चमध्ये ‘वेळच मिळत नाही’ म्हटलं की सासूबाई ही तारीख काढतात. दर वर्षी. मला त्याचा राग येतो, कारण पाच एप्रिलपर्यंत माझं क्लोजिंगही आटपलेलं नसतं.

कुणी घेऊ नये तेही सांगते. रोज रेल्वेनं भरूच-आणंद करणाऱ्यांनी घेऊ नये, वजन सव्वा किलोच्या आसपास आहे, डबा आणि पाण्याच्या बाटलीबरोबर खांदा जातो. अभ्यासगट चालवणाऱ्यांनी घेऊ नये, त्यांना टीपा आणि नकाशे लागतील, इथं नकाशे नावापुरते आहेत. भेट द्यायची असेल तर नव्या जोडप्यापेक्षा त्यांच्या आईवडिलांना द्या. नव्या जोडप्याला अजून वीस वर्षं बारीक अक्षर दिसतं.

आता झिप. बिनझिपेची प्रत शंभरएक रुपयांनी स्वस्त मिळते आणि माझ्या मते तीच घ्यावी. झिपेची घेतलीच, तर तिचं रनर वर्षाच्या आत सुटणार असं धरून चाला. पुस्तक भरलेलं असताना ओढलं की कोपऱ्यावर दात निसटतात. नवं कव्हर मागवू नका, त्याचे जवळजवळ पुस्तकाएवढे सांगतात. वडोदऱ्याच्या मांडवीत बॅगा दुरुस्त करणारे बसतात, ते पितळी रनर घालून देतात, आणि कोपऱ्याला आतून एक टाका घालायला सांगितलं तर पुन्हा निसटत नाही. पुस्तक मात्र कव्हरमधून काढून घरी ठेवून जा, नाहीतर रेक्झिनवर तेलाची बोटं घेऊन याल.